नेणता राजदूत

पराग नेर्लेकरांच्या जिनिव्हातल्या घरी वर्तमानपत्र येत नसे. टीव्ही होता, पण त्यावर पाककृती, पेंग्विन आणि जुने क्रिकेटचे सामने एवढंच दिसे. सामन्यांचे निकाल साऱ्या जगाला ठाऊक असल्यामुळे त्यांतून काही नवीन कळण्याचा धोका नव्हता. फोनही होता. तो आठवड्यातून एकदा वाजे आणि मिरजेहून बायको बोले. हवा, गुडघे आणि नात्यातली लग्नं सोडून ती दुसऱ्या कशावर बोलू लागली की लाइन खराब होई. जिनिव्हासारख्या शहरात लाइन इतकी कशी बिघडते, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. नेर्लेकरांना पडला नाही. म्हणूनच तर ते राजदूत होते.

त्यांचं अधिकृत पद होतं 'नेणता सदस्य'. नव्या शांतता परिषदेत आपल्या देशाचं जे शिष्टमंडळ होतं, त्यात दोन पंगती होत्या: जाणते आणि नेणते. जाणते बंद दाराआड बसून व्यवहार ठरवत. नेणते उघड्या मंचावर उभे राहून त्या व्यवहारांबद्दल बोलत. जाणत्यांना बोलायची बंदी होती, नेणत्यांना ऐकायची. जेवायला सगळे एकाच मेजावर बसत, पण तेव्हा आमटीत मीठ बरोबर आहे का, याच्या पुढे चर्चा जात नसे.

ही व्यवस्था काजव्यामुळे आली होती.

काजवा म्हणजे कपाळाला बांधायचा एक पट्टा आणि त्याला जोडलेला, मंचाच्या कडेवरचा बोराएवढा दिवा. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोन वाक्यं एकदम उभी राहतात. एक खरं, दुसरं बोलायचं. खऱ्याला मागे दाबून धरायचं आणि दुसऱ्याला पुढे ढकलायचं, हे कपाळामागच्या मेंदूचं काम. या ओढाताणीला रक्त जास्त लागतं, आणि रक्त वाढलं की तिथलं प्राणवायूचं प्रमाण बदलतं. डोळ्यांना न दिसणारा, हाडातून पार जाणारा प्रकाश कपाळात सोडला, तर परत आलेल्या प्रकाशावरून हा बदल मोजता येतो. बदल नसला की दिवा हिरवा, असला की लाल. जुनी यंत्रं भीती मोजायची, आणि निर्लज्जाला भीती नसते, त्यामुळे मोठमोठी माणसं त्यातून सहीसलामत सुटायची. काजवा भीती मोजत नव्हता, कष्ट मोजत होता. निर्लज्जालाही खोटं बोलायला थोडे कष्ट पडतातच.

मुळात तो बनवला होता विस्मरणाच्या रोग्यांसाठी. आजोबांना नात खरंच आठवली, की ते नुसतं तिचं मन राखतायत, एवढंच त्या संशोधकांना बघायचं होतं. हे यंत्र वाक्य खरं आहे का ते सांगत नाही, बोलणाऱ्याला ते खरं वाटतंय का एवढंच सांगतं, असं ते बिचारे पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून सांगत होते. हा खुलासा माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापला गेला, आणि बारीक अक्षराचं नेहमी जे होतं तेच त्याचं झालं.

परिषदेने काजवा सक्तीचा केला तो पहिला हंगाम मोठा रंगला. एका परराष्ट्रमंत्र्यांनी 'आपल्याला भेटून आनंद झाला' एवढंच म्हटलं आणि लाल लागला. दोन देशांनी आपापले राजदूत परत बोलावले. 'मानवाधिकार आम्हाला प्राणांहून प्रिय आहेत' हे वाक्य तर लोक टाळूच लागले, कारण त्याला दिवा नुसता लाल होत नसे, फडफडत असे. महासत्तांनी काजव्यासमोर उभं राहायला साफ नकार दिला. त्यांना नकार परवडतो. छोट्या देशांना उभं राहावंच लागलं, पण त्यांचं खरं ऐकायला सभागृहात कुणी थांबत नसे. राहिलो आपण मधले. वाटणीच्या घरात मधल्या भावाचं जे होतं, तेच जगात मधल्या देशाचं होतं. थोरल्याला दुखवायचं नाही, धाकट्याची समजूत घालायची, आणि दोघांकडूनही 'हा मात्र भला हो' असं म्हणवून घ्यायचं. या उद्योगाला किमान दोन तोंडं लागतात. काजवा एकाही तोंडाला नीट उघडू देईना.

तेव्हा मंत्रालयातल्या कुणा हुशार माणसाला ते बारीक अक्षर दिसलं. खोटं बोलणारा चालत नाही ना? मग ज्याला ते खरंच वाटतं असा माणूस शोधा!

शोधपथक देशभर फिरलं. पक्षांचे प्रवक्ते तपासले. ते तोंड उघडायच्या आधीच लाल होत. विमा एजंट तपासले. ते पहिला हप्ता मिळेपर्यंत हिरवे राहत. शेवटी पथक सांगलीला पोचलं, आणि तिथे एका सत्कार समारंभात पराग नेर्लेकर सूत्रसंचालन करत होते.

नेर्लेकर म्हणजे त्या भागातले नावाजलेले निवेदक. चेअरमन, सरपंच, बिल्डर, सेवानिवृत्त फौजदार, कुणाचाही सत्कार असो, माइक यांच्याच हातात. त्या दिवशी सत्कार होता पोपटशेठ लिगाड्यांचा. शेठचा फवारणीच्या ड्रोनसाठी कॅमेरे बनवायचा कारखाना होता, आणि कामगारांची अर्धी वसाहत त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. पथकाने आयोजकांशी संधान बांधून नेर्लेकरांच्या फेट्याच्या आत काजव्याचा पट्टा शिवून घेतला. नेर्लेकर म्हणाले, "पोपटशेठ म्हणजे माणुसकीचा चालताबोलता महासागर!" दिवा हिरवा. खात्री करायला पथकाने दुसऱ्या दिवशी शेठच्या हाडवैऱ्याचा सत्कार भरवला. नेर्लेकर म्हणाले, "यांच्यासारखा महासागर मी आयुष्यात पाहिला नाही!" दिवा पुन्हा हिरवा. गडद हिरवा. पथकप्रमुखांनी तिथल्या तिथे दिल्लीला फोन लावला.

नेर्लेकर लबाड नव्हते, हे नीट समजून घ्यायला हवं. माइक हातात आला की त्यांचं मन भरून यायचं. समोर हार घातलेला माणूस बसलाय, लोक टाळ्या वाजवतायत, म्हणजे त्याच्यात काहीतरी असणारच, असं त्यांना आतून वाटायचं. देशाचंही त्यांना तसंच वाटे. आपण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, दोन भांडणाऱ्यांना समजावून सांगणारे आपण, हे ते शाळेपासून ऐकत आले होते आणि त्यांना ते पटलेलं होतं. मंत्रालयाला यात भर घालायची नव्हती. जे आहे त्याला धक्का लागू नये, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी 'अनभिज्ञता कक्ष' उघडला गेला आणि त्याच्या प्रमुख झाल्या रेवती घैसास. बाई मूळच्या पुण्याच्या, नेमणुकीने दिल्लीच्या, आणि चेहऱ्याने कुठल्याच नव्हत्या.

त्या शनिवारी घैसासबाई सोमवारचं वाक्य घेऊन आल्या.

"एकच वाक्य आहे, नेर्लेकर सर. 'माझ्या देशाने तोर्वानला कोणतंही युद्धसाहित्य दिलेलं नाही.' बाकी प्रस्तावना तुमची तुम्ही करा, ती तुम्हाला छान जमते."

"तोर्वान म्हणजे ते...?"

"एक देश आहे. तिथे मतभेद चालू आहेत."

"अरेरे. मिटतील ना?"

"त्यासाठीच तर आपण आहोत," बाई म्हणाल्या. त्या स्वतः कधीच पट्टा बांधत नसत.

नेर्लेकरांनी वाक्य दोनदा म्हणून बघितलं. छान होतं. बोलायला सुटसुटीत. मग थोडं चाचरत त्यांनी विचारलं, "मॅडम, एक घरचं विचारू? आमच्या शाल्मलीचा बरेच दिवस फोन नाही. डॉक्टर झाली, कुठल्याशा मदत-पथकाबरोबर गेली, तेवढं कळलं. हिला विचारलं की लाइन खराब होते."

"त्या सुखरूप आहेत असं समजून चाला."

"वा वा," नेर्लेकर म्हणाले, आणि त्यांचा जीव खरोखरच भांड्यात पडला.

कक्षाने त्यांना एक मोकळीक ठेवली होती. जिनिव्हातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन त्यांना करता येई. घैसासबाईंनी स्वतः मंडळाची पाहणी केली होती आणि तिथे जगाविषयी कुणीही काहीही बोलत नाही असा अहवाल दिला होता. कुणाच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला आणि नारळ कुठल्या दुकानात चांगला मिळतो, यातच वेळ जाई.

रविवारी मंडळाच्या मावळत्या कार्यकारिणीचा सत्कार होता. नेर्लेकरांनी खजिनदारांना 'पारदर्शकतेचा हिमालय' म्हटलं आणि ते टाळ्यांत खाली उतरले, तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून कानिटकर वहिनींनी हाक मारली. वहिनींच्या एका हातात मसालेभाताचा डाव होता, दुसऱ्यात फोन.

"अहो नेर्लेकर, तुमच्या शाल्मलीचा फोन. आमच्या मंडळाच्या नंबरवर आलाय. ती म्हणते तुमचा लागतच नाही."

नेर्लेकरांनी फोन घेतला. वाफेने चष्मा धुरकटला होता.

"शामू! जेवलीस का?"

"बाबा, ऐक. मध्ये बोलू नकोस. चार्जिंग संपत आलंय. मी बेल्मारात आहे."

"ते कुठे आलं?"

"तोर्वानमध्ये. बंदर आहे. बंडखोरांच्या ताब्यात आहे, म्हणून सरकारी सैन्याने वेढा घातलाय. आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात आहोत. वरचे मजले गेले. बाबा, रोज ड्रोन येतात. अंधारात येतात आणि बरोबर खाटांवर येतात. त्यांना दिसतं."

"तू सुखरूप आहेस ना? मला मॅडम म्हणाल्या—"

"बाबा! मी माणसांच्या अंगातून त्या ड्रोनचे तुकडे काढते. पाठीतून, पोटातून. काचेचे, पत्र्याचे. पत्र्यावर शिक्का आहे. पोपटशेठच्या कारखान्याचा. आपल्या सांगलीचा. मी लहान असताना तू मला त्याच्या सत्काराला नेलं होतंस, त्याने मला पेढा दिला होता. तोच शिक्का."

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अगं, ते फवारणीचे कॅमेरे..."

"आता हेच फवारतात. ऐक. त्यांच्याकडे साठा नसतो. दर थोड्या दिवसांनी आपल्याकडून विमान येतं, तेव्हा नवे डोळे बसवतात. विमान थांबलं की ही ड्रोनं आंधळी. उद्या परिषदेत मतदान आहे ना? छोट्या देशांचा ठराव आहे: तोर्वानला जाणारा सगळा माल थांबवा, बेल्मारातून जखमींना बाहेर काढायला रस्ता द्या. तुमचा दुसराच ठराव आहे."

"आमचा संवादाचा आहे," नेर्लेकर अभिमानाने म्हणाले. "संवाद आणि अभ्यासगट."

"हो. आणि काठावरचे सगळे देश तुझ्या दिव्याकडे बघून मत देणारेत. तू म्हणालास 'आम्ही काही दिलं नाही' आणि हिरवा लागला, की आमचा ठराव पडला. लाल लागला, की संध्याकाळपर्यंत विमानं थांबतील. बाबा, तुला वेगळं काही करायचं नाहीये. भाषण बदलू नकोस, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला उभं करतील. तेच वाक्य बोल. फक्त आता तुला माहीत आहे. आता तुला माहीत आहे ना, बाबा?"

"आहे, आहे," नेर्लेकर म्हणाले. "माझं बाळ ते! तू काळजी करू नकोस. लाल लावतोच उद्या. असा लाल लावतो—"

फोन बंद झाला होता.

"सगळं ठीक ना?" कानिटकर वहिनींनी विचारलं.

"ठीक," नेर्लेकर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं. त्याचा त्यांना थोडा आनंदही झाला. म्हणजे जमतंय.

सोमवारी गाडीत घैसासबाई शेजारी बसल्या होत्या. बाहेर तळ्यावर शिडाच्या होड्या निवांत फिरत होत्या.

"कालचा कार्यक्रम कसा झाला?"

"छान. मसालेभात होता."

"वा." बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "कुणी भेटलं?"

"नेहमीचेच."

नेर्लेकरांनी खिडकीबाहेर बघत मनाची तयारी चालवली होती. नोकरी जाणार हे उघड होतं. देशद्रोही म्हणतील. मिरजेच्या घरावर दगड येतील, हिला बहिणीकडे पाठवावं लागेल. येऊ देत. तळघरातल्या आपल्या पोरीचा चेहरा त्यांनी डोळ्यांसमोर आणला, शिक्क्याचा पत्रा आणला, आणि दोन्ही घट्ट धरून ते सभागृहात शिरले.

सभागृह गच्च भरलं होतं. बेल्मारातून निसटून आलेली काही माणसं प्रेक्षकांत बसली होती. एका बाईच्या मांडीवर कुणाचा तरी फोटो होता. तंत्रज्ञाने नेर्लेकरांच्या कपाळाला पट्टा बांधला. नाव, गाव, आजचा वार. हिरवा, हिरवा, हिरवा. यंत्र ठीक होतं.

त्यांच्यासमोर माइक होता.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय," नेर्लेकर म्हणाले, "आणि शांततेच्या या पवित्र मंदिरात जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..."

अनुवादकांनी ते वीस-पंचवीस भाषांत लोटलं. सभागृह शांत झालं. ती शांतता नेर्लेकरांना ओळखीची होती. तीनशे लोक श्वास रोखून आपल्याकडे बघतायत आणि पुढचा शब्द आपल्या हातात आहे, यासारखं सुख नाही. त्यांचं मन भरून आलं. माझा देश, ते म्हणाले, हा दोन हात पसरून उभा असलेला देश आहे, एक हात इकडे, एक तिकडे, आणि मध्ये धडधडतंय ते हृदय. बोलता बोलता त्यांना तो देश दिसू लागला. शाळेचं पटांगण, झेंडा, खाऊचा पुडा, मुलांच्या रांगा. हा देश खाटेवरच्या माणसांवर डोळे सोडेल? आपला देश? कसं शक्य आहे? शाल्मली दमलेली आहे, बिचारी. तळघरात उजेड तरी किती असणार. शिक्के काय, कुणीही मारू शकतं. शत्रू तर मुद्दाम मारेल. पोपटशेठने तिला पेढा दिला होता, ती स्वतःच म्हणाली. पेढा देणारा माणूस...

"...माझ्या देशाने," नेर्लेकर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, "तोर्वानला कोणतंही युद्धसाहित्य दिलेलं नाही."

मंचाच्या कडेवर हिरवा दिवा लागला. त्यात किंचितही थरथर नव्हती.

नेर्लेकर दिव्याकडे बघत राहिले. क्षणभर त्यांना काही कळेना. मग कळलं. त्यांनी मंच दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले:

"नाही! हे खोटं आहे! आम्ही दिलंय! डोळे दिलेत! पोपटशेठच्या कारखान्यातून विमानाने जातात! आम्हीच देतोय!"

सभागृहाने एकदम दिव्याकडे पाहिलं.

लाल.

"अहो, खरंच सांगतोय! माझी मुलगी तिथे आहे! तिने तुकडे पाहिलेत!"

मुलगी तिथे आहे, याला दिवा हिरवा झाला. तुकडे पाहिलेत, याला पुन्हा लाल. प्रेक्षकांतली ती फोटोवाली बाई उठून उभी राहिली होती. ती दिव्याकडे बघत नव्हती, नेर्लेकरांकडे बघत होती. तिला भाषा कळत नसावी. बाकीच्यांना दिव्याची भाषा कळत होती.

अध्यक्षांनी सावकाश चष्मा काढला. ते म्हणाले की सन्माननीय सदस्यांचं पहिलं विधान प्रामाणिक आहे, याची नोंद घ्यावी. दुसरं विधान त्यांच्याकडून कुणीतरी दडपणाखाली वदवून घेत असल्याचं यंत्रावरून दिसतं. त्यांची कन्या बेल्मारात आहे, हे मात्र खरं दिसतं. तेव्हा बंडखोरांनी तिला ओलीस धरून पित्याला असत्य बोलायला लावलं, असं मानायला जागा आहे. ही गोष्ट अत्यंत निंद्य आहे.

सभागृह हळहळलं. जे देश वर्षभर कशावरही एकमत करत नव्हते, त्यांनी कुमारी शाल्मली नेर्लेकर हिच्या मानवाधिकारांबद्दल उभं राहून एकमताने चिंता व्यक्त केली. छोट्या देशांचा ठराव दुपारी पडला. संवादाचा आणि अभ्यासगटाचा टाळ्यांत मंजूर झाला.

मागच्या खोलीत घैसासबाईंनी नेर्लेकरांना पाण्याचा पेला दिला.

"दमलात."

"मॅडम, मला माहीत होतं," नेर्लेकर म्हणाले. "मला काल सगळं कळलं होतं. मंडळात. शाल्मलीनेच सांगितलं."

"मसालेभाताच्या वेळी. हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नेर्लेकर सर, मंडळाचा फोन आम्ही ऐकत नसू असं तुम्हाला वाटलं?" बाई खुर्चीत बसल्या. "तुम्हाला वाटलंच असणार, म्हणा."

"मग मला उभं का केलंत?"

"पहिल्या वर्षी आम्ही तुमच्यापासून फार बातम्या लपवल्या. टीव्ही, फोन, पेंग्विन. मग एकदा चूक झाली. तुमच्या जेवणाच्या ताटाखाली कुणीतरी एक छापील कात्रण विसरलं, आणि तुम्ही ते वाचलंत. आठवतंय? तुम्ही 'अरेरे' म्हणालात. आम्ही घाबरलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोललात, आणि आलेखात रेघसुद्धा हलली नव्हती. त्यानंतर दोनदा आम्ही मुद्दाम विसरून पाहिलं. तो टीव्हीचा बंदोबस्त आता नुसता सवयीने चालू आहे. तुम्हाला पेंग्विन आवडतात म्हणून."

नेर्लेकरांनी पाणी तसंच ठेवलं.

"शाल्मली?"

"तोर्वान सरकार फार उदार झालंय. परिषदेच्या विनंतीला मान देऊन त्यांनी तुमच्या मुलीची सुटका करायचं ठरवलंय. शुक्रवारच्या विमानात त्यांना बसवतायत."

"आणि बाकीचे? तळघरातले?"

"चिंतेच्या ठरावात एकच नाव होतं," घैसासबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कुठला तरी वाटला, पण तो कुठला, हे नेर्लेकरांना सांगता आलं नसतं.

शुक्रवारी ते विमानतळावर गेले. कक्षाने गुच्छ दिला होता. शाल्मली दारातून आली ती ओळखूच येईना. केस कापलेले, अंगात कुणाचं तरी मोठं जाकीट, हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या. दोन सैनिकांनी तिला विमानापर्यंत आणून सोडलं होतं, आणि कॅमेऱ्यासमोर तिच्या हातात पाण्याची बाटली दिली होती. ते चित्र जगभर दाखवलं गेलं होतं. नेर्लेकरांच्या टीव्हीवरसुद्धा.

त्यांनी तिला मिठीत घ्यायला हात पुढे केले. ती उभी राहिली.

"हॉस्पिटल?" त्यांनी विचारलं.

"मी विमानात चढल्यावर एका तासाने," ती म्हणाली. "मला पायलटने सांगितलं. त्याला वाटलं मला आनंद होईल, मी वाचले म्हणून."

"सगळे?"

"तळघराला एकच जिना होता, बाबा."

माणसं ट्रॉल्या ढकलत त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती. कुणीतरी त्यांना ओळखून नमस्कार केला.

"मी लाल लावायचा खूप प्रयत्न केला, शामू. देवाशप्पथ. शेवटी ओरडून सांगितलं."

"पाहिलं मी. त्यांनी मला दाखवलं. दोनदा."

"तेव्हा काय झालं मला, मलाच..." पुढचे शब्द आपोआप आले, स्वच्छ, ओलसर, तळापासून उमटलेले. "शाल्मली, मला यातलं खरंच काही माहीत नव्हतं गं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. मग तिने पुढे होऊन त्यांचं मनगट हातात घेतलं, आणि नेर्लेकरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पोरीने माफ केलं. ते तिच्या खाली झुकलेल्या डोक्याकडे प्रेमाने बघत राहिले. ती घड्याळात बघत होती. ओठ किंचित हलत होते.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नाडी बघितली." तिने त्यांचा हात अलगद खाली सोडला. "अगदी नॉर्मल आहे."

मग तिने सॅक पाठीला लावली, आणि बेल्मारापासून सर्वांत जवळ जाणारं विमान कुठून मिळतं, ते विचारायला ती खिडकीपाशी रांगेत जाऊन उभी राहिली.